ड्रॅगनच्या गुहेत तहकूब झालेली सभा

एकट्याने केलेल्या गोष्टीचा अहवाल लिहिता येत नाही, आणि जिचा अहवाल नाही ती गोष्ट झाली असे मानता येत नाही. आंघोळ आणि दुपारची डुलकी हे दोन अपवाद (तेही तात्पुरते) सोडले, तर नेरूळच्या त्रिदल सोसायटीत १९९८ सालापर्यंत या तत्त्वाचा भंग झाल्याची नोंद नव्हती.

भंग वैजयंती वहिनींनी केला. बेलापूरच्या कचेरीतून सुटल्यावर त्या सोसायटीच्याच गाळ्यातल्या सायबर कॅफेत सहा ते सात बसत आणि इंटरनेटवर एक खेळ खेळत. या खेळात जगभरची माणसे एकाच काल्पनिक राज्यात वावरतात. प्रत्येकाचे एक पात्र असते. ते लढते, वाढते, आणि मेले की मालमत्तेसकट कायमचे मरते (या बाबतीत खेळ प्रामाणिक आहे). वहिनींचे पात्र कोळीण होते. चौदा महिन्यांत तिने तळ्याकाठी झोपडी बांधली, होडी केली, एक कुत्रे पाळले. ती कोणाशी लढली नाही, कोणाशी बोलली नाही. घरी दोन खोल्या आणि सहा माणसे असलेल्या वहिनींना दिवसातून तासभर कोणी हाक मारत नसे, अशी ही एकच जागा होती.

ही गंभीर बाब सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव यांच्या निदर्शनास आली. ते मागून वाकून पाहत होते.

"वहिनी, एवढं मोठं राज्य आणि तुम्ही एकट्याच मासे पकडताय?"

"हो."

"बोअर नाही होत?"

"आतापर्यंत नव्हतं झालं."

मधुकररावांनी हे निमंत्रण समजून स्वीकारले. समोरच्या सोसायटीने त्याच राज्यात दोन राक्षस मारल्याची कुणकुण होतीच. रविवारी खास सभा भरली आणि अकरा जणांचे सामूहिक क्रीडा मंडळ स्थापन झाले. पैकी नऊ जणांना खेळ माहीत नव्हता; उरलेल्यांत वहिनी आणि आपल्याला माहीत आहे असे वाटणारे मधुकरराव होते. कॅफेत संगणक पाच. त्यामुळे पाच जणांनी खेळावे आणि सहा जणांनी मागे उभे राहून मार्गदर्शन करावे, असे ठरले. (मार्गदर्शनाच्या जागांसाठी निवडणूक घ्यावी लागली.) वहिनींचे तळे सामायिक झाले. मासे मजल्यांप्रमाणे वाटले गेले. कुत्रे संस्थेच्या ताब्यात आले. कोणाही पात्राने एकट्याने फिरू नये. फिरणे अटळ असल्यास लेखी अर्ज करावा. वहिनी सर्वांत अनुभवी, म्हणून त्यांना सर्वांत पुढे उभे राहण्याचा मान मिळाला.

समोरच्या सोसायटीच्या आधी डोंगरावरचा ड्रॅगन मारायचा, हा पहिला उपक्रम. सात दिवस आधी जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली. स्थळ: गुहेचा आतील भाग. वेळ: सायंकाळी सहा. गणपूर्ती: पाच पात्रे.

ठरल्या वेळी पाचही पात्रे गुहेत पोचली. ड्रॅगन झोपला होता. तेवढ्यात मंडळाचे सभासद कृष्णातराव, मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या बाजारात कामाला, खुर्चीवरून उठले.

"तुमचं चालू द्या. मी च्या सांगून आलोच."

त्यांचे पात्र गुहेत उभे होते, पण हाकेला ओ देत नव्हते. अशा पात्राला हजर धरता येत नाही. चारच उरले. सहा वाजून दहा मिनिटांनी मधुकररावांनी उपविधींप्रमाणे सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली. ती त्याच जागी पुन्हा भरणार होती.

"मधुकरराव," वहिनी म्हणाल्या, "तो झोपलाय तोवर बाहेर थांबू या ना."

"नोटिशीत गुहा दिलीय, वहिनी. बाहेर गेलो तर उद्या कोणीतरी ऑब्जेक्शन घेईल."

"मग मी एकटी थांबते बाहेर."

"एकटी?" मधुकररावांनी विचारले. सहाही मार्गदर्शक वहिनींकडे बघू लागले.

वहिनींचे बोट एका कळीवर होते. ती दाबली असती तर कोळीण गुहेबाहेर पडली असती. पण सगळे बसलेले असताना मधूनच उठणे बरे दिसत नाही. वहिनींनी बोट काढून घेतले.

तहकुबीच्या अकराव्या मिनिटाला ड्रॅगन उठला. तो एकटाच असल्यामुळे त्याला गणपूर्तीची अडचण आली नाही. त्याचे काम चाळीस सेकंदांत आटोपले.

कृष्णातराव चहा घेऊन आले. "काय झालं वो?"

"गेलो सगळे," मधुकरराव म्हणाले. "तुम्हीपण."

"आन् मीटिंग?"

मीटिंग सहा चाळीसला भरली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे कोणी जिवंत नसण्याला कायदेशीर हरकत नव्हती. पाचही मृतांना श्रद्धांजली वाहणारा ठराव एकमताने मंजूर झाला. चौघांची पात्रे नऊ दिवसांची होती. त्यांनी लगेच नवी काढली. इतिवृत्तात 'इतर नुकसान' या सदरात झोपडी एक, होडी एक, एवढे आहे. वहिनींनी पडद्याकडे बघत चहा संपवला, चांगला झालाय म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. मंडळाने हजेरीत त्यांच्या नावापुढे 'वैयक्तिक कारण' लिहिले.

वहिनी आता घरी जाताना अलीकडच्या एका स्टेशनला उतरतात. तिथल्या कॅफेत कोपऱ्यातल्या संगणकावर एक नवी कोळीण गळ टाकून बसलेली असते. तिला अजून झोपडी नाही. आम्ही जागा पाहून आलो आहोत आणि पत्ता छापणारही होतो. पण एवढे वाचून आपल्याला वहिनींबद्दल वाईट वाटले असणार, आणि वाईट वाटले की आपण भेटायला जातो; एकटे मात्र कधी जात नाही.