सुभेदार सिसिनिओस यांच्या शिशाच्या शिक्क्याची मोहीम

सकळ सुभ्यास कळावे, आणि ज्यांस कळून उपयोग नाही त्यांसही कळावे, म्हणोन काळ्या समुद्राकाठच्या खेरसोन बंदराची ही हकीकत लिहिली असे.

सुभेदार सिसिनिओस साहेबांस कॉन्स्टँटिनोपलाहून पातशहांनी नवा खिताब बहाल केला, आणि साहेबांस हर्ष ऐसा जाहला की जुन्या खिताबाचा शिक्का उठविणारा लोखंडी चिमटा तत्क्षणी घणाखाली फोडविला. मग ध्यानी आले की नवा चिमटा सिद्ध नाही, आणि शिशाच्या शिक्क्यावाचून सुभ्यात कागद हलत नाही. त्या कागदांत थेक्ला कोळिणीची होडी सोडण्याचा हुकूम होता. होडी चुकून जप्त जाहलेली, चूक दरबारी मान्य, आणि बाहेर माशांचा थवा किनाऱ्यालगत चालिला होता; तो गेला म्हणजे तिचे हिवाळ्याचे अन्न गेले.

मग शिक्के कोरणारा पोथोस यास पाचारण जाहले. जुने नवे मिळून खिताब लांब, शिक्क्याची शिशाची चकती इवली. फर्मान सुटले की चकतीवरील संत थिओडोर यांच्या चित्रातला भाला काढावा. भाला पडला आणि ढाल पडली, तरी दोन खिताब उघड्यावरच. मग खुद्द संतांस हलविण्याचा मनसुबा ठरला.

पोथोस हळूच म्हणाला, "साहेब, संतच काढला तर कागदाची राखण कोण करणार?"

हुकूम जाहला की साहेब जातीने करतील.

थेक्ला रोज कचेरीच्या दारी उभी. "काय हो कारभारी, तुमच्या साहेबांचा खिताब वाचायला मासे थांबणारेत का?"

"मावशी, तोंड सांभाळ."

"आधी होडी द्या, मग तोंडही सांभाळते नि पोटही."

अखेर नवा चिमटा सिद्ध जाहला आणि रण पेटले. पहिल्या घावास शिसे फाटले, पुढल्यास शिशातून ओवलेली कागदाची दोरी तुटली. मग तळहाताएवढी चकती ओतून पोथोसाने घण घातला, आणि समग्र खिताब उमटले. शिंगे वाजली. बंदरावरील पहारेकऱ्याने शिक्का पाहून होडीची साखळी सोडिली.

थेक्लाने हुकुमाची दोरी कापून शिसे हाती तोलले. "एवढं जड! टाकायचं कशाला?" म्हणून ते जाळ्याच्या खालच्या काठास वजन म्हणोन बांधिले.

थवा बहुतेक निघून गेला होता, शेपटाकडले मासे तेवढे उरले होते. वर पाणी निळे आणि उदास. खाली जाळे तळास नीट बसले, आणि त्या खिताबांनी प्रथमच कोणाचे अन्न मिळविले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. सुभेदार साहेबांची कीर्ती समुद्रतळापावेतो पोहोचली. तेथे ती कोणी वाचीत नाही. मासे मात्र अडकतात, ऐसी नोंद असे.