तीन पंख्यांचा अभ्यास

वस्तू विकत घ्यायला फक्त पैसे लागतात. वस्तू विकत न घ्यायला मात्र व्यासंग, चिकाटी आणि चारचौघांचं मार्गदर्शन लागतं. अल्माटीतल्या एका पाच मजली इमारतीच्या अंगणात या विषयाला वाहिलेलं एक मंडळ वर्षानुवर्षं निष्ठेनं काम करत आलं आहे. मंडळाचा सल्ला ऐकून आजवर एकही माणूस फसला नाही, कारण मंडळाचा सल्ला ऐकून आजवर एकाही माणसानं काही घेतलेलं नाही. (असं निष्कलंक काम कुठल्याही सरकारी खात्याला साधलेलं नाही. सरकारी खाती निदान खुर्च्या तरी घेतात.)

मंडळाचा आधारस्तंभ म्हणजे बेइबित. तो शहराच्या उष्णतापुरवठा खात्यात होता. हिवाळ्याच्या तोंडावर घराघरांतल्या लोखंडी नळ्यांत गरम पाणी कधी सोडायचं हे तिथं ठरतं, आणि गारठलेल्या नागरिकांनी कितीही बोटं मोडली तरी ठरल्याआधी सोडलं जात नाही. उतावीळपणा करायचा नसतो, हा संस्कार त्याच्यावर नोकरीतच झाला होता. शिवाय तो उष्णतेतला माणूस. त्यामुळे संगणक गार कसा ठेवावा याबद्दल मंडळात त्याचा शब्द अखेरचा मानला जाई.

यंदाचा विषय मंडळासमोर आला तो बेइबितच्या मुलीमुळे. अकमारल शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरच्या संगणकावर हलत्या चित्रांचा एक छोटा चित्रपट करत होती. अस्तानातल्या चित्रपट विद्यालयात प्रवेश हवा, तर हिवाळा संपायच्या आत तो तिथं पोचायला हवा होता. संगणक जुना. चित्रातल्या माणसानं मान वळवायला घेतली की ती वळून होईपर्यंत घरातली जेवणं उरकत.

"आके, एक ग्राफिक्स कार्ड लागेल," ती वडिलांना म्हणाली. "साधं चालेल. पण हिवाळ्यात हवं. नाहीतर माझं वर्ष गेलं."

बेइबितचा पोरीवर फार जीव होता. म्हणूनच त्यानं साधं कार्ड आणलं नाही. ज्याला पोरीची फिकीर नाही असा बाप दुसऱ्याच दिवशी दुकानात गेला असता आणि समोर दिसेल ते उचलून घरी आला असता. अशा बापांच्या मुलांचं काय होतं ते आपण पाहतोच. (त्यांची कामं वेळेवर होतात.)

रीतीप्रमाणे बेइबित आधी कोइशिबेक आजोबांकडे गेला. हे अंगणातले सर्वांत वडीलधारे, निवृत्त भूगोल शिक्षक. लग्न, ऑपरेशन किंवा मोठी खरेदी यांच्याआधी त्यांची 'बाता', म्हणजे आशीर्वाद, घेतल्याशिवाय अंगणातलं कुणी पाऊल उचलत नसे. आजोबांनी चहाचा वाडगा खाली ठेवला आणि दोन्ही तळवे उघडून समोर धरले.

"काय घेतोयस?"

"कार्ड, अता. पोरीच्या संगणकात बसवायला."

"दूध किती देतं?"

"दूध नाही देत, अता. चित्रं हलवतं."

"असो. बाजारात जे सगळ्यात उत्तम असेल तेच तुझ्या घरी येवो. आमीन." आणि त्यांनी तळवे चेहऱ्यावरून खाली फिरवले.

घोडी घेणाऱ्यालाही ते हाच आशीर्वाद देत, आणि तो आजवर कुणाला बाधला नव्हता. घोडीची पुढच्या तिमाहीत नवी आवृत्ती येत नाही. कार्डाची येते. बेइबित घरी जाताना जिन्यातच थबकला. आशीर्वाद सगळ्यात उत्तमाचा मिळाला होता. आता दुय्यम कार्ड आणणं म्हणजे म्हाताऱ्याचा शब्द खाली पाडणं, आणि तोही सगळ्या अंगणादेखत. दुसरीकडे आजचं सगळ्यात उत्तम कार्ड घेतलं आणि महिन्याभरात त्याहून उत्तम निघालं, तरी शब्द पडलाच. तेव्हा सगळ्यात उत्तम कार्ड म्हणजे ज्याच्यानंतर कार्ड निघणार नाही ते. बेइबितनं ते शोधायचं ठरवलं.

अंगणात डोमिनोज खेळायला एक छपरी कट्टा आहे. मंडळ तिथं बसलं आणि सुरुवात भावापासून झाली. बाजारात संगणकाचे सुटे भाग विकणारा रोदिओन पाक नावाचा एक सोशिक कोरियन दुकानदार होता. मंडळ दर शनिवारी त्याच्या दुकानात जाई, कार्डं हातात घेऊन वजन पाही, त्याची कॉफी पिई, भाव विचारून मान हलवी आणि परत येई. त्याच कार्डाचा भाव सीमेपलीकडे बिश्केकमध्ये बराच कमी होता. पण बिश्केकमध्ये बेइबितच्या बहिणीचे व्याही राहतात. शहरात जाऊन व्याह्यांकडे न जाणं शक्य नाही. जायचं तर काझी, म्हणजे घोड्याच्या मांसाचं सॉसेज, नेल्याशिवाय शक्य नाही. नेलं की ते परतफेड म्हणून पाहुण्याच्या अंगावर मानाचा कोट चढवतात, आणि कोट घेतला की पुढल्या उन्हाळ्यात त्यांना सगळ्या गोतावळ्यासह जेवायला बोलवावं लागतं. हिशेब मांडल्यावर असं निष्पन्न झालं, की बिश्केकचं स्वस्त कार्ड एका अख्ख्या घोड्याला पडतं. मंडळानं बिश्केक बाद केलं.

मग कूलर. कार्ड तापतं म्हणून त्याच्या पाठीवर पंखे बसवलेले असतात, कुठे दोन, कुठे तीन. दोन पंख्यांचं कार्ड आखूड आणि स्वस्त. तीनवाल्याला गारवा अधिक, पण ते इतकं लांब, की संगणकाचं खोकं बदलावं लागतं. खोकं बदललं की ते टेबलाखाली मावत नाही. टेबल बदललं की ते पलंगाला लागतं. थंडी पडेपर्यंत मंडळाचं दोन तृतीयांश बहुमत अधिक मोठं घर घेण्याकडे झुकलं होतं.

"जानेवारीत खिडकी उघडायची," कोइशिबेक आजोबा मध्येच म्हणाले. "बाहेर देवाचा पंखा फुकट चालू असतो."

सगळे आदरानं हसले. मोठ्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं, वापरायचं नसतं.

पण मंडळाची खरी कसोटी लागली ती आगामी कार्डांच्या बाबतीत, आणि त्या खात्याचा प्रमुख होता तुर्सिनखान, बसचा ड्रायव्हर. इकडची एक रीत अशी, की चांगली बातमी आणणारा आधी "सुयिंशी!" म्हणून आरोळी ठोकतो आणि ऐकणारानं काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय बातमी सांगत नाही. एरवी पोरगा झाला, सैन्यातून मुलगा परत आला, अशा वेळी ती म्हणायची. तुर्सिनखाननं ती येऊ घातलेल्या कार्डांना लावली.

"बेके, सुयिंशी!" तो बेइबितला लाडक्या नावानं लांबूनच ओरडे.

"काय झालं रे?"

"आधी हात सैल कर."

बेइबितनं थर्मास दिला.

"नवी पिढी येतेय! अर्ध्या विजेत दुप्पट काम!"

"कधी?"

"लवकरच. आत्ता कार्ड घेणारा आयुष्यभर कपाळ बडवील."

पंधरवड्यानं पुन्हा आरोळी आली. नवी पिढी पुढे ढकलली गेली होती. ही चांगली बातमी कशी, असं बेइबितनं विचारलं, तेव्हा तुर्सिनखाननं समजावून दिलं, की ढकलली म्हणजे ते आणखी सुधारतायत. कोल्ह्याच्या कातड्याची टोपी गेली. मग जुन्यांचे भाव उतरणार अशी बातमी आली आणि लोकरीचे हातमोजे गेले. उतरणार नाहीत हे कळलं तेव्हा वेळेवर सावध झाल्याबद्दल मफलर गेला. डिसेंबर संपता संपता तुर्सिनखान खात्याच्या संचालकासारखा दिसू लागला आणि बेइबित कानाला रुमाल बांधून कामावर जाऊ लागला. पण आगामी कार्डांविषयी त्याच्याइतकी माहिती अख्ख्या शहरात कुणाला नव्हती, आणि त्याला याचा अभिमान होता.

"एवढे बाप्ये कट्ट्यावर बसता," त्याची बायको राउशान एकदा कणीक मळता मळता म्हणाली, "एकाला तरी पैसे देऊन वस्तू घरी आणता येते का? पोरगी रोज विचारायची. आता विचारतही नाही. तुझ्या लक्षात तरी आलंय का?"

बेइबितच्या लक्षात आलं होतं. पोरगी समजूतदार झाली, अशी त्याची नोंद होती.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका संध्याकाळी तो घरी आला तर घर गार. त्यानं नळीला हात लावला. नळी कढत होती. खात्याची इभ्रत पणाला लागली होती. थंडी कुठून येतेय हे हुंगत हुंगत तो अकमारलच्या खोलीशी पोचला आणि दार ढकललं.

खिडकी सताड उघडी होती. चौकटीवर बर्फ साचला होता. अकमारल आईचा ओव्हरकोट घालून, टोपी कानावर ओढून संगणकासमोर बसली होती. संगणकाचं झाकण काढून ठेवलेलं, आणि आत एक मळकट कार्ड जुन्या ट्रॅक्टरसारखं खडखडत होतं. पडद्यावर कुणीतरी मान वळवली. एका दमात, न अडखळता.

"हे कुठून आलं?"

"पाककाकांकडून. त्यांच्या दुकानाची जाहिरात करून दिली मी, त्याच्या बदल्यात. जुनं आहे, आके. आभासी नाणी पाडायच्या गोदामात राबलेलं."

"अगं, पण याला एकच पंखा आहे!"

"दोन आहेत. एक फिरत नाही. म्हणून तर खिडकी उघडलीय. कोइशिबेक अता सांगत होते."

बेइबित पलंगाच्या कडेला टेकला. मुलीची बोटं थंडीनं लाल झाली होती.  त्याला तिची बोटं हातात घेऊन चोळायची होती, माफ कर म्हणायचं होतं, निदान खिडकी तरी लावायची होती. त्यानं घसा साफ केला.

"तापमान किती जातं याचं?" तो म्हणाला.

"काम होण्याइतकं. झालं काम. दुपारीच पाठवला."

"काय?"

"चित्रपट, आके." ती हसली, पण त्याच्याकडे न बघता. "आता पाककाकांची दुसरी जाहिरात चाललीय."

वसंतात तिची निवड झाली. मंडळानं तातडीची बैठक बोलावून या घटनेची गंभीर दखल घेतली. पूर्वाभ्यास न करता, भाव न पडताळता, नादुरुस्त कूलरच्या बळावर मिळवलेलं यश तरुणांपुढे चुकीचा पायंडा पाडतं, यावर एकमत झालं. मात्र मुलगी आता खुद्द विद्यालयात चालल्यामुळे तिला याहून कितीतरी चांगलं कार्ड लागणार, हेही सर्वांना मान्य झालं. अभ्यास नव्या जोमानं सुरू ठेवायचा ठराव मंजूर झाला. कोइशिबेक आजोबांनी तळवे उघडले.

"अता, या खेपेला जरा बेतानं," बेइबित घाईघाईनं म्हणाला.

"आशीर्वाद बेतानं देतात का रे?" आजोबा म्हणाले, आणि त्यांनी तोच पुन्हा दिला.

ऑगस्टच्या शेवटी सगळे स्टेशनवर गेले. राउशाननं बाउर्साकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पिशवी दिली आणि ती डोळे पुसत, डब्याच्या खिडक्या मोजत पोरीची जागा शोधायला पुढे गेली. बेइबितनं मुलीला जवळ घेतलं. मग तिची बॅग उचलून वजन पाहिलं.

"अजून दोन महिने तग धरला असतास," तो शेवटी म्हणाला, "तर शरदात नवी पिढी येतेय. या खेपेला नक्की."

अकमारल त्याच्या खांद्यात डोकं खुपसून हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

"आके, कार्ड राहू दे. तू ये ना तिकडे. वर्ष संपायला आम्ही केलेले चित्रपट दाखवतात, आईबापांना बोलावतात. येशील?"

"येणार म्हणजे काय! येणारच," बेइबित म्हणाला. "तिकिटांचे भाव तेवढे बघतो. बसचं आणि रेल्वेचं ताडून घेतो. तुर्सिनखान म्हणतो, वसंतात उतरतात."

गाडी हलली. तो हात हलवत काही पावलं तिच्याबरोबर चालला, मग उभा राहिला. वसंत आला आणि गेला. भाव उतरले, पण आणखी उतरतील अशी विश्वसनीय माहिती होती.

इथवर आलेल्या काही वाचकांच्या मनात अजून एक शंका घोळत असेल: मग कार्ड शेवटी घ्यावं तरी कुठलं, दोन पंख्यांचं की तीन? आणि आत्ताच घ्यावं, की शरदापर्यंत थांबावं? शंका रास्त आहे आणि मंडळ तिचा जरूर विचार करील. अकमारलचा चित्रपट कशावर होता, हे मात्र बेइबितनं तिला कधी विचारलं नाही. मंडळातही कुणी विचारलं नाही. तुम्हीही आत्ता या ओळीपर्यंत विचारलं नव्हतंत, तेव्हा संकोच करू नका. कट्ट्यावर सरकून बसलं की आणखी एकाची जागा होते.