रिकाम्या खुर्चीचे तीन नमुने

भाऊंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चित्र दुकानात आणून डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा डॉक्टरचा चेहरा एकदम उतरला. डॉक्टर म्हणजे दुकानातला छपाईवाला. पांढरे हातमोजे घातल्याशिवाय तो कागदाला हात लावत नसे आणि कुठलंही चित्र समोर आलं की आधी त्याचा आजार शोधत असे, म्हणून हे नाव.

“हे... वहिनींचं ना?”

“तिचंच. एक प्रत काढ. प्रत भिंतीवर लावतो आणि मूळ कपाटात ठेवतो. उन्हानं रंग उडायला लागलाय.”

“कशाला उगाच, भाऊ? आहे तसं बरं आहे की!”

“अरे, तीस वर्षं लोकांना सांगतोय, चित्र खिडकीसमोर लावू नका. आणि स्वतःच्या घरात काय केलं? खिडकीसमोर लावलं. तू काढ.”

डॉक्टरने मोजे चढवले, पण इतके सावकाश, की जणू बोटं मोजून घेत होता.

भाऊंचा धंदा हॉटेलांना आणि मोठमोठ्या बंगल्यांना चित्रांच्या प्रती पुरवण्याचा. चित्रकारांकडे जायचं, हक्क विकत घ्यायचे, उत्तम कागदावर प्रती काढायच्या, चौकटीत बसवून द्यायच्या. हॉटेलच्या चित्रांचे नियम त्यांना तोंडपाठ होते. चेहरा नको, डोळे नकोत, आग नको, कललेली होडी नको. पाहुण्याची नजर चित्रावरून अलगद पुढे सरकली पाहिजे. अडकली, तर चित्र नापास.

“म्हणजे कोणी बघणार नाही अशी चित्रं शोधण्यात तुम्ही डोळे फोडून घेताय,” असं बायको म्हणायची आणि पोट धरून हसायची. एका दुपारी तिने दुकानातल्याच छपाईच्या कागदाचा उरलेला तुकडा घेतला, पाण्याचे रंग घेतले आणि एक रिकामी खुर्ची रंगवली. पाठीवर ओला टॉवेल टाकलेली.

“घ्या, लावा हॉटेलात.”

“रिकामी खुर्ची चालत नाही गं. माणूस उठून गेल्यासारखं वाटतं.”

“गेलीच आहे. दूध उतू जात होतं.”

तिने आयुष्यात रंगवलेलं चित्र हे एवढंच. तिला जाऊन आठ महिने झाले होते, मुलगी दूर परगावी होती, आणि भाऊ रोज सकाळी त्या खुर्चीसमोर बसून दिवसभराची कामं सांगत. सांगून झालं की थोडं थांबत, मग उठत. तिच्या हातचं म्हणावं असं घरात तेवढंच उरलंय, असं ते म्हणत.

डॉक्टरने नियमाप्रमाणे तीन नमुने काढले. एक किंचित फिका, एक किंचित गडद, एक बरोबर. फरक असा, की तो सांगावा डॉक्टरने आणि मानावा भाऊंनी. कागद तोच, कापायचं यंत्र तेच. चारही चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली होती. भाऊ चौकट शोधायला आतल्या खोलीत गेले. तासाभराने बाहेर आले, तर टेबलावर तीनच कागद.

“चौथा कुठाय?”

“मॅडम आल्या होत्या,” डॉक्टर म्हणाला. मॅडम म्हणजे नव्या हॉटेलची सजावट करणाऱ्या बाई. “पडद्याचं कापड घेऊन आल्या होत्या. एक पडद्याशी जुळतंय म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.”

“आणि मूळ कोणतं यातलं?”

डॉक्टरने छताकडे बघितलं. “त्यांनी प्रत्येकाला कापड लावून बघितलं. पत्ते पिसावेत तशी पिसली सगळी.”

भाऊ टेबलावर वाकले. तीन खुर्च्या, तीन टॉवेल. त्यांनी एक उचललं, उजेडात धरलं, ठेवलं. दुसरं उचललं. तिसरं उचललं. ज्या माणसाने आयुष्यभर अस्सल आणि नक्कल वेगळी करून दाखवली, त्याला स्वतःच्या बायकोचा हात ओळखता येत नव्हता.

शेवटी त्यांनी भिंग काढलं. हाताने लावलेला रंग भिंगाखाली पाण्यासारखा पसरलेला दिसतो. छापलेला रंग म्हणजे नुसते बारीक ठिपके. पहिल्या कागदावर ठिपके. दुसऱ्यावर ठिपके. तिसऱ्यावरही ठिपके.

“म्हणजे मूळ त्या बाई घेऊन गेल्या!”

“भाऊ, जरा ऐका तर...”

“ऐकायला वेळ नाही. चल!”

रस्त्यातून त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडम खुशीत होत्या. “काय सुंदर पीस आहे, भाऊ! नमुन्याच्या खोलीत लावूनसुद्धा टाकलं. मालकांना आवडलं तर एकशेवीस खोल्यांत हेच! कागद चौकटीत मावत नव्हता, म्हणून बाजूनं बोटभर कापला.”

“कापला?”

“सरळच कापलाय हो, पट्टी लावून.”

भाऊंनी फोन ठेवला. “बोटभर,” ते डॉक्टरला म्हणाले. “कोणत्या बाजूनं, तेही विचारवेना मला.”

“भाऊ, आपण परत जाऊ या. मला तुमच्याशी थोडं...”

“गप्प बस रे!”

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत सगळं नवंकोरं होतं. गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. खुर्ची पलंगाच्या वर टांगलेली होती, आणि तिला कुलूप होतं. पाहुण्यांनी चित्रं पळवू नयेत म्हणून मागून अडकवायची ही कुलपं भाऊंनीच पुरवली होती. “भिंत हातात येईल, चित्र येणार नाही,” असं त्यांनी मालकांना छाती ठोकून सांगितलं होतं. किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर सोमवारपर्यंत सुट्टीवर.

भाऊ बूट काढून पलंगावर चढले आणि चौकट ओढू लागले. प्लास्टिकवर मोजे घसरत होते. डॉक्टरने मागून त्यांची कंबर धरली होती. तेवढ्यात दार उघडून साफसफाईच्या मावशी आत आल्या.

“काय चोरताय?”

“चोरत नाही हो. माझ्या बायकोचं चित्र आहे ते.”

“मग बायकोला आणा. ती सांगेल तिचं आहे का.”

“ती नाही आता,” भाऊ म्हणाले.

मावशींनी बादली खाली ठेवली. दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाल्या, “सरका बाजूला.” त्यांनी खिशातून चमचा काढला, त्याचा दांडा चौकटीखाली सारला, खट्कन आवाज झाला आणि चित्र त्यांच्या हातात आलं.

“हे... हे असं उघडतं?”

“सगळीकडे असंच उघडतो आम्ही. मागची धूळ कोण पुसणार?”

एरवी भाऊंना या गोष्टीचा चार दिवस ताप आला असता. आता त्यांनी फक्त काचेवर भिंग टेकवलं. खुर्चीचा पाय बघितला. टॉवेलची कड बघितली. मग ते हळूच पलंगाच्या काठावर बसले.

“हेही छापील आहे.”

ते डॉक्टरकडे वळले.

“चारही छापील. मग मी सकाळी घरातून आणलं ते काय होतं, डॉक्टर?”

डॉक्टरने हातमोजे काढले. घाईत तो दुकानातून ते तसेच चढवून आला होता. “मूळ ताईंनी नेलंय, भाऊ. वहिनी गेल्यावर परत जायला निघाल्या त्या दिवशी. रडत दुकानात आल्या. म्हणाल्या, काका, एक प्रत काढा, ती घरी लावा, बाबांना पंधरा दिवसांत मीच सांगते. शपथ घातली मला.”

“पंधरा दिवसांचे आठ महिने झाले!”

“मी दर महिन्याला फोन करून आठवण करत होतो त्यांना.”

भाऊंनी मुलीला फोन लावला. फोन पलंगावर ठेवून स्पीकर चालू केला.

“बाबा,” सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, “रागवा तुम्ही. मी ऐकते.”

“रोज त्या कागदाशी बोलतोय मी. छापलेल्या कागदाशी! वेड्यासारखा.”

“तुमच्याकडे आईचं अख्खं घर आहे, बाबा. डब्यांवर तिच्या हातची अक्षरं आहेत. तिची उशी आहे. माझ्याकडे भाड्याची एक खोली आणि दोन बॅगा. मला तिच्या हातचं एक काहीतरी हवं होतं. मागितलं असतं तर तुम्ही दिलं असतं, आणि मग त्या मोकळ्या भिंतीसमोर बसला असता. म्हणून मागितलं नाही.”

भाऊंनी चौकटीची काच बाहीने पुसली. मग म्हणाले, “राहू दे तुझ्याकडे. उन्हात नाही ना लावलंस?”

“नाही. पलंगाशेजारी आहे. झोपायच्या आधी त्या टॉवेलवरून बोट फिरवते. काचेवरूनच.” तिचा आवाज सैल झाला. ती थोडी हसलीसुद्धा. “त्या दिवशी काय धांदल झाली होती! बाहेर टॅक्सी हॉर्न वाजवतेय, काका आत पुठ्ठ्याची नळी शोधतायत, टेबलावर एकसारखी चार चित्रं. मी त्यातलं एक उचललं, काकांच्या हातातल्या नळीत सारलं आणि पळत सुटले.”

भाऊंनी मान वर करून डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टर पांढराफटक पडला होता. “तुम्ही मूळ निवडून घेतलं असं समजलो मी,” तो पुटपुटला.

“उरलेली तीन?” भाऊंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

“एक तुमच्या भिंतीला लावलं.” डॉक्टर म्हणाला. “नापास नमुने मी ठेवत नाही, भाऊ. दोन फाडली.”

भाऊंचं डोकं सवयीने हिशेब करून मोकळं झालं. भिंतीवरचं छापील निघालं. उरली तीन: एक मुलीकडे, दोन कचऱ्यात. मूळ त्या तीनातलं एक.

“बाबा? काय बोलताय तुम्ही दोघं? काही चुकलं का माझं?” फोनमधून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. “थांबा, मी बघते. भिंग नाहीये, पण मोबाईलनं मोठं करून ठिपके दिसतील ना? काच उघडते...”

“उघडू नकोस!”

भाऊ एवढ्या जोरात ओरडले, की मावशी दचकल्या.

“का?”

“आत धूळ जाते. एकदा गेली की निघत नाही.” त्यांनी भिंग मिटून खिशात टाकलं. “आणि बघायचंय काय त्यात? तुझ्याकडचं मूळच आहे.”

“नक्की? तुम्हाला फोनवरून कसं कळलं?”

“तीस वर्षं हेच काम करतोय मी,” भाऊ म्हणाले.

पलीकडून तिने सुटकेचा मोठा श्वास सोडला. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभा होता. मावशींनी फडका बादलीत बुडवला आणि पाण्याचा आवाज होऊ नये अशा बेताने, हळूहळू पिळला.