आप्पांची कंबर

आमच्या कोरेगावचे हवालदार आप्पा कुठंही गेले की आधी जमिनीवर उताणे पडत. बँकेत, लग्नात, कचेरीत. कंबर सरळ झाली की मग कामाचं बोलणं. एकदा मयताच्या घरीही ते सोप्यात असेच पडले. तेवढ्यात मयताची बहीण फलटणहून आली आणि तिनं थेट आप्पांच्या छातीवर पडून हंबरडा फोडला. आप्पांनी तिला पोटभर रडू दिलं. मग हळूच म्हणाले, "ताई, तुमचं मानूस आत हाय." बाई जागीच बेशुद्ध. तिला शुद्धीवर आणेपर्यंत मयताला तासभर ताटकळावं लागलं.

एकाहत्तरच्या लढाईत आप्पांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि पुण्याहून लाकडी पाय आला. त्याच्या मागोमाग कंबरदुखी आली. दोष मात्र त्यांनी एस.टी.च्या बाकांना दिला, बायकोच्या गोधडीला दिला, गावातल्या उताराला दिला. पायावर कुणी शंका घेतली की म्हणत, "मिल्ट्रीचा माल हाय. खोट तुमच्या रस्त्यात."

शेवटी मी, त्यांचा शेजारी मास्तर, त्यांना सांगलीला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी उभं करून माप घेतलं. लाकडी पाय बोटभर आखूड निघाला. त्यामुळं आप्पा चालताना एका अंगाला कलत आणि सगळा ताण कंबरेवर येई. पाय पुण्याला दुरुस्तीला टाका, तोवर पंधरा दिवस घरी कुबड्यांवर काढा, असं डॉक्टर म्हणाले. तुमची फरशीच तिरकी आहे, असं त्यांना सुनावून आप्पा बाहेर पडले.

परतीच्या एस.टी.त कराड येईपर्यंत ते बाकाला शिव्या घालत होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मास्तर, पाय आखूड हाय ते मला ठावं हाय. पर आमच्या हिनं मला बिनपायाचा अजून बघितला न्हाई. ती उठायच्या आत मी पाय बांधतो. पाच वर्सं झाली."

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या बायकोला, हौसावहिनींना, मी फक्त डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. कुबड्यांचं नाव निघताच त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला.

"त्यास्नी सांगू नगा," त्या म्हणाल्या. "म्या रोज पहाटं जागीच असती. पाय बांधून हुईस्तोवर डोळं मिटून पडती."

त्याच आठवड्यात आमटी खारट झाल्यावरून वहिनींनी आप्पांशी कडाक्याचं भांडण काढलं. आमटी त्यांनीच केली होती. गाठोडं उचलून त्या माहेरी निघाल्या. आमच्या दारात क्षणभर थांबल्या आणि खालच्या आवाजात मला म्हणाल्या, "पाय आला की निरोप धाडा."