खरबूज, तिसरा शनिवार, सकाळी दहा

“या उन्हाळ्यात आपल्या घरात एकही भाजी अवेळी येणार नाही! आणि एकही फळ वेळ टळून गेल्यावर ताटात पडणार नाही!” असं म्हणून कंट्रोलरकाकांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली.

मूठ आपटल्याबरोबर पाण्याचा पेला आडवा झाला. काकूंनी फडकं आणलं, टेबल पुसलं आणि पुसता पुसता काकांच्या कोपराखालचा भला मोठा कागद ओढायला घेतला.

“अगं, त्याला हात लावू नकोस! वेळापत्रक आहे ते!”

“कसलं?”

“भाज्यांचं. फळांचंसुद्धा!”

काका बस डेपोत चौतीस वर्षं कंट्रोलर होते. कोणती बस किती वाजता सुटेल आणि कुठे किती मिनिटं थांबेल, हे त्यांनी ठरवायचं आणि साऱ्या शहरानं पाळायचं. बस उशिरा आली तर त्यांच्या मते चूक बसची असे. वेळापत्रक चुकलंय असं चौतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं, निदान काकांच्या म्हणण्याप्रमाणे!

गेल्या हिवाळ्यात ते निवृत्त झाले आणि त्यांना कोणी काही विचारेनासं झालं. दिवसाकाठी एकच वाक्य त्यांच्या वाट्याला येई, “जरा पाय वर घ्या, केर काढायचाय!” त्याचं त्यांना फार वाईट वाटे. मध्यंतरी काकूंचा गुडघा धरला आणि बाजारची पिशवी नशिबानं काकांच्या हाती आली. पिशवी घेऊन जिना उतरताना आपण पुन्हा कामावर चाललोय असं वाटायचं त्यांना! पण आता गुडघा बरा झाला होता आणि काकूंना पिशवी परत हवी होती. कारण काकांनी आजवर चार वेळा जून भेंडी, दोनदा कडू काकडी आणि एकदा दुधी समजून भलतंच काहीतरी आणलं होतं. ते अजून कोणी ओळखू शकलं नव्हतं.

म्हणून हे वेळापत्रक! कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना पंधरा दिवस भंडावून, मागच्या तीन उन्हाळ्यांची खडान्खडा माहिती काढून काकांनी ते बनवलं होतं. त्यात तीन रकाने होते: आगमन, मुक्काम, प्रस्थान.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. “काकडी, आगमन पहिला शनिवार. टोमॅटो, दुसरा शनिवार. पालक, प्रस्थान दुसरा रविवार. खरबूज, आगमन तिसरा शनिवार, सकाळी दहा. अहो, खरबूज काय बस आहे दहाला यायला?”

“येईल!”

“तिसऱ्या शनिवारी दुपारी व्याही जेवायला येणार आहेत, माहीत आहे ना?”

माहीत होतं! मुलीचे सासरे हा माणूस काकांच्या घशात अडकलेला काटा होता. काहीही दाखवा, व्याही म्हणणार, “आमच्याकडे तर हे कधीच आलंय!” नवा पंखा दाखवा, आमच्याकडे तर कधीच. नवं औषध सांगा, आमच्याकडे तर कधीच.

“त्यांच्या पानात खरबूज वाढणार मी!” काका म्हणाले.

“ठरलं तर मग. वाढलंत, तर पिशवी कायमची तुमची. नाही वाढलंत, तर पिशवी माझी आणि तुम्ही त्या खुर्चीत. पाय वर घेऊन!”

पहिल्या शनिवारी काकडी हजर झाली. कोवळी, हिरवीगार आणि वेळेवर! काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. ते इमारतीचे तीनही मजले चढून-उतरून प्रत्येक दारात काकडी दाखवून आले. बारा घरांची ती इमारत, त्यातली उरलेली अकराही घरं म्हणाली, “आम्हालाही द्या की वेळापत्रक!” मग काय विचारता! काकांनी कार्बन कागद लावून अकरा प्रती काढल्या आणि खरबुजासमोर लाल शाईनं तारा काढला, ‘हमखास’.

इथेच घोळ झाला.

दुसऱ्या शनिवारी टोमॅटो आले. पण काका साडेआठला कोपऱ्यावर पोचले, तेव्हा मावशींच्या टोपलीत एक देठ तेवढा उरला होता!

“मावशी, टोमॅटो कुठायत?”

“तुमच्या इमारतीनं नेले! साडेसातपासून रांग लावली होती. हातात तुमचाच कागद होता!”

काका रिकामी पिशवी घेऊन घरी आले. काकूंनी दार उघडलं, पिशवीत वाकून पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, “गाडी चुकली का हो?”

त्यातच आठवडाभरापासून हवाच फिरली होती. ऐन उन्हाळ्यात आभाळ भरून राहिलं, गार वारं सुटलं. त्यामुळे पालक जायचं नाव घेईना. मावशींकडे त्याच्या जुड्यांचा ढीग लागला, पण इमारतीतलं कोणी हात लावील तर शपथ! पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई तर मावशींना स्पष्ट म्हणाल्या, “छे! पालकाचं प्रस्थान रविवारीच झालंय!”

सोमवारी दुपारी मावशी अख्खी पालकाची पाटी घेऊन काकांच्या दारात उभ्या राहिल्या.

“माझ्या पालकाला घालवून देणारे तुम्ही कोण हो?”

“मावशी, वेळापत्रकाप्रमाणे...”

“वेळापत्रकाला डोळे आहेत का? हा बघा, कसा टवटवीत आहे! मी आता ही पाटी इथेच ठेवणार आणि मीही इथेच बसणार!”

मावशी खरोखरच उंबऱ्यावर बसल्या. काकूंनी त्यांना पाणी दिलं, वर हसून बसायला पाट दिला. शेवटी काकांनी चौतीस वर्षांचा अनुभव पणाला लावला आणि जिन्याखाली सूचना डकवली: ‘प्रवाशांच्या आग्रहास्तव पालकाची जादा गाडी सोडण्यात येत आहे. मुक्काम पुढील सूचनेपर्यंत.’ तासाभरात पाटी रिकामी झाली!

मावशी खूश झाल्या, पण जाता जाता बॉम्ब टाकून गेल्या. “काका, पालक राहिला तसं खरबूज लांबलं बरं का. या गारठ्यानं आणखी दहा दिवस तरी येत नाही.”

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. इमारतीत तर खरबुजाची लाट आली होती. लाल ताऱ्यावर विसंबून शिक्षिकाबाईंनी मैत्रिणींना बोलावलं होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी नातवंडांना बोलावलं होतं. जिन्यात जो भेटेल तो म्हणे, “शनिवारी दहाला ना?”

“दहाला!” काका म्हणत आणि चार चार पायऱ्या एकदम चढून घरात शिरत.

शुक्रवारी मावशींनी एक आशा दाखवली. “ऐका, दक्षिणेकडे ऊन आहे. तिकडून उद्या सकाळी एक ट्रक येतोय घाऊक बाजारात. चला माझ्याबरोबर.”

शनिवारी सकाळी पिशवी बगलेत मारून काका मावशींच्या टेम्पोत बसले. घाऊक बाजारात पोचतात तो खरबुजाचा व्यापारी फोनवर किंचाळत होता, “अरे, कुठे आहेस तू? तासभर झाला तुझं आलोच, आलोच चाललंय!”

ट्रक शहरात येऊन हरवला होता! नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद, ड्रायव्हर नवीन, आणि फोनमधला नकाशा त्याला फिरवून फिरवून पुन्हा त्याच पुलापाशी आणून सोडत होता.

काकांनी व्यापाऱ्याच्या हातातून फोन अक्षरशः हिसकावला. पाठ ताठ झाली, आवाज चढला. डेपोतला जुना कंट्रोलर जागा झाला!

“गाडी कुठे उभी आहे? समोर काय दिसतंय?”

“पाण्याची टाकी आहे, साहेब. पिवळी.”

“टाकीपाशी उजवीकडे वळा. दवाखान्याची भिंत लागली?”

“लागली!”

“भिंत संपली की डावीकडे. तिथे वळणावर गाडी घासते, दुसरा गिअर ठेवा. पुढे जुना पूल, अरुंद आहे पण तुमचा ट्रक जाईल. चौदा नंबरची बस रोज जायची!”

“गेला, साहेब! निघालो पुलावरून!”

भोवती हमाल जमले. व्यापारी हात जोडून उभा राहिला. मावशी ज्याला त्याला सांगत होत्या, “आमच्या कोपऱ्यावरचे आहेत!” काका डोळे मिटून, एका हातानं हवेत वळणं घेत सांगत सुटले. शाळा, मैदान, टपाल कचेरी, पुन्हा डावीकडे. असं सुख त्यांना सहा महिन्यांत मिळालं नव्हतं.

“आता मोठं लोखंडी फाटक दिसेल. दिसलं? शाब्बास! पोचलात! आत घ्या, नोंद करा आणि चहा प्या!”

पलीकडून ड्रायव्हरचा बारीक आवाज आला. “साहेब, इथे नुसत्या बसच उभ्या आहेत हो!”

काकांनी डोळे उघडले. चौदा नंबर डेपोत जायची. चौतीस वर्षं ती डेपोतच गेली होती. आणि काकांनी खरबुजाचा ट्रक नेमका, बिनचूक, शहराच्या दुसऱ्या टोकाला, डेपोच्या दारात नेऊन उभा केला होता!

व्यापाऱ्याचे जोडलेले हात सुटले. काका त्याला काही म्हणायच्या आत मावशींनी दोघांनाही टेम्पोत कोंबलं आणि टेम्पो डेपोकडे पिटाळला.

फाटकाबाहेर ट्रक उभा होता. त्याच्यामागे तीन बस अडकल्या होत्या, आणि ट्रकपुढे नोंदवही घेऊन हल्लीच्या कंट्रोलरबाई उभ्या होत्या. काकांच्याच हाताखाली त्या शिकल्या होत्या.

“सर, ही गाडी आत घेता येणार नाही. आणि मागे बस आहेत, त्यामुळे बाहेरही काढता येत नाही. वेळापत्रकात नाव नसलेल्या गाडीला फाटक उघडायचं नाही, हा तुमचाच नियम!”

मागच्या बसनं हॉर्न वाजवला. काका एकदम उजळले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

“नाव आहे! हे बघा. खरबूज, आगमन तिसरा शनिवार, सकाळी दहा!”

बाईंनी कागद नीट वाचला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“सर, नऊ अठ्ठावन्न झालेत. आधी आलेली गाडीही चुकलेलीच समजावी, हाही तुमचाच नियम. दोन मिनिटं थांबावं लागेल.”

थांबले! ट्रक थांबला, तिन्ही बस थांबल्या, प्रवासी खिडकीतून माना काढून थांबले. व्यापारी डोकं धरून फुटपाथवर बसला. दहाचा ठोका पडला, फाटक उघडलं, आणि बाईंनी नोंदवहीत टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ‘खरबूज. आगमन १०.००. वेळेवर.’ काकांनी ते तीनदा वाचलं. डोळे पुसून चौथ्यांदा वाचलं.

डेपो काकांच्या इमारतीपासून चार पावलांवर. “ट्रक त्या पुलापाशीच दिवसभर घिरट्या घालत राहिला असता तर माझ्या मालाची वाट लागली असती,” असं शेवटी व्यापारीच कबूल झाला आणि त्यानं मावशींना तिथेच पहिल्या पाट्या उतरवून दिल्या. सव्वादहाला इमारतीतल्या अकराही घरांत खरबूज पोचलं, आणि बाराव्या घरात ते स्वतः काकांच्या खांद्यावरून पोचलं!

दुपारी व्याह्यांच्या पानात केशरी, रसाळ फोड पडली. व्याही सवयीनं बोलायला लागले, “आमच्याकडे तर...” फोड तोंडात गेली. व्याही थांबले. काकूंनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं.

“आमच्याकडे तर अजून आलंच नाही!” व्याही म्हणाले आणि पान पुढे केलं. “आणखी एक वाढा!”

काकांनी आणखी एक वाढली. व्याही गेल्यावर काकूंनी खुंटीवरची पिशवी काढली, झटकली, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी काकांना दिली.

“तुमची. कायमची. आज मलाही बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू!”

त्या दिवशी काका पिशवी उशाशी घेऊनच झोपले.

रविवारी सकाळी ते रुबाबात बाजाराला निघाले आणि दार उघडून तिथेच थबकले. कडीला, कठड्याला, विजेच्या मीटरला पिशव्या लटकत होत्या. मोजून अकरा! प्रत्येकीत यादी आणि प्रत्येक यादीखाली एकच ओळ: ‘काका, तुम्हाला बाजारातलं सगळं कळतं. आता तुम्हीच आणा!’

काकांनी पिशव्यांकडे पाहिलं. आपल्या दोन हातांकडे पाहिलं. मग केविलवाण्या तोंडानं मागे वळून काकूंकडे पाहिलं.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. पाय वर घेऊन!

“बघता काय?” त्या म्हणाल्या. “सोडा जादा गाडी!”