ठमाबाई निर्माण झाल्या नाहीत

पनवेलच्या नव्या मच्छी बाजारातले ओटे संगणकामार्फत वाटायचे, असे सन २०११ मध्ये ठरले. नियम सोपा होता. आधी संगणकात विक्रेता निर्माण करायचा, मग त्याला ओटा द्यायचा. निर्माण न झालेल्याला ओटा देणे बेकायदेशीर होते, आणि ते योग्यच आहे.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी उलव्याच्या ठमाबाई पाटी घेऊन नगरपरिषदेच्या खिडकीशी आल्या. चाळीस वर्षे त्या पनवेलात रस्त्यावर बसून मासळी विकत होत्या. डोक्यावर छप्पर मिळण्याची ही पहिलीच संधी. हेडक्लार्क कमळाकर यांनी ‘नवीन विक्रेता’ हे बटण दाबले. पडद्यावर उमटले : ‘मेमरी अपुरी. विक्रेता निर्माण झाला नाही.’

“बाई, तुम्ही झाला नाहीत,” कमळाकर सहानुभूतीने म्हणाले.

“मी नाय झाले? मंग ही पाटी कोनाच्या डोक्यावर हाय?”

प्रोग्रामर परेशला बोलावण्यात आले. “सर, मशीन आधी मेमरीत जागा अडवतं, मग त्या जागेत माणूस भरतं. जागाच उरली नाही, तर माणूस बनणार कुठे?”

चौकशी झाली. बाराशे जागा अडवलेल्या होत्या आणि त्यांपैकी एकीतही माणूस नव्हता. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा, तशी कार्यालयातल्या प्रत्येकाने मेव्हण्यासाठी, भाच्यासाठी आणि भाच्याला पुढेमागे होणाऱ्या मुलांसाठी जागा धरून ठेवली होती. सर्वांत जास्त रुमाल कमळाकरांचे निघाले.

“हे सोडून द्या, लगेच जागा होईल,” परेश म्हणाला.

“धरलेली जागा सोडायची?” कमळाकरांनी कीबोर्ड जवळ ओढला. “त्यापेक्षा तो मेसेज काढ. नागरिकांचा अपमान होतो त्याने.”

परेशने मेसेज काढला. जागा मिळाली की नाही, हे बघायचेच प्रोग्रामने सोडून दिले आणि कार्यालयाचा निकाल तत्काळ शंभर टक्क्यांवर गेला. ठमाबाईंना पावती मिळाली : ‘अभिनंदन! नोंदणी यशस्वी. ओटा क्रमांक ०.’ त्यांनी ती हौसेने लॅमिनेट करून घेतली.

सोमवारी बाजार उघडला. रखवालदार शैलेशने पावती पाहून बाहेर बोट दाखवले. “मावशी, शून्यवाले सगळे तिकडं, रस्त्यावर.”

तिथे उन्हात साठ जण आधीच बसले होते.

“मंग तक्रार करा ना!” ठमाबाई कळवळून ओरडल्या.

“केली,” त्यांतला एक म्हणाला. “तक्रारदार पन आदी निर्माण व्हावा लागतो. तिकडं बी यशस्वी झालो. तक्रार क्रमांक शून्य.”

वाचकहो, तुम्हाला हसू आले असेल. साहजिक आहे. तुमच्या फाइलमधल्या पावतीवरही ‘यशस्वी’ असेच छापलेले असल्यामुळे तुम्ही त्याखालचा क्रमांक वाचलेला नाही.