एका वाटीतले पडदे

आमच्या गावात माझ्याइतका देखणा म्हातारा दुसरा नाही. हे मत माझ्या बायकोचं, मथुरेचं, आणि तिच्या डोळ्यांचे पडदे मधोमध झिजल्यामुळे तिला समोरच्या माणसाचे फक्त कान दिसतात. म्हणून इतरांसारखे आम्हीही पडदे काढून धुऊन घ्यायला धर्मादाय नेत्र संशोधन केंद्रात जातो.

केंद्र फुकट धुतं. पडदे मिठाच्या पाण्यात भिजत असताना डॉक्टर हर्डीकरबाई ते भिंगाखाली धरतात आणि मधलाच भाग आधी का झिजतो याचा शोध घेतात. शोध लागला तर पुढच्यांची नजर वाचेल, त्यामुळे कुणी कुरकुर करत नाही. तोवर पडद्यांचे मालक डोळ्यांना फडकं बांधून बाकावर बसतात. मी चौथीपर्यंत शिकलेला, बाकावर बसायची मला सवय आहे. शेजारी सरपंच असले तर त्यांच्या चपला पायाने हळूच लांब सरकवतो.

केंद्राचा नियम माणशी एक वाटी असा. पण यंदा मथुरा बाईंना म्हणाली, एका घरासाठी दोन वाट्या कशाला अडकवता, आमचे एकीतच ठेवा. संसारात तिने माझ्याच ताटात जेवून ताटं वाचवली, तिला यात काही वावगं वाटलं नाही. बाईंनाही वाटलं नाही.

फडकं सोडलं तेव्हा बाईंना कान होते, चेहरा नव्हता. मथुरा मात्र माझ्याकडे टक लावून बघत असावी. मग तिने पिशवीतून सुईदोरा काढला आणि माझ्या सदऱ्याचं लोंबतं बटण तिथेच शिवायला घेतलं. एरवी सुई ओवायला ती शेजारणीकडे जायची.

बाई फार हळहळल्या; एका वाटीत अदलाबदल होऊन माझे धड पडदे मथुरेला बसले होते आणि तिचे झिजके मला. पुन्हा भिजवून ज्याचे त्याला बसवू म्हणाल्या, फक्त दोघांची संमती हवी. मी दिली नाही. बाईंनी समजावलं की या झिजेवर अजून इलाज सापडलेला नाही, हे पडदे ज्याच्याकडे राहतील त्याच्या नजरेतलं भोक वाढतच जाईल. मी म्हटलं, भोक कसलं, मला तर तुमचं नाकसुद्धा स्वच्छ दिसतंय, चांगलं सरळ आहे. बाईंनी मास्क लावला होता, हे मथुरेच्या कोपराने मला कळवलं.

तेव्हा मी थट्टा सोडली. तिच्या हाताकडे वळलो. हात दिसत नव्हता, बांगड्या वाजत होत्या.

"राहू दे तुझ्याकडे," मी म्हटलं. "मला आता नवीन काय बघायचंय? आणि आपला नवरा किती देखणा आहे ते तुलाही एकदा नीट बघू दे."

मथुरेने दोरा दाताने तोडला आणि बटण ओढून पाहिलं.

"बाई, पडदे चार आहेत. दोघांना एकेक धड, एकेक झिजका बसवा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अहो, आत्ताच नीट बघितलं तुम्हाला. एवढं देखणेपण दोन्ही डोळ्यांनी बघणं मला झेपायचं नाही."